दहा विरुद्ध दोन: कायदा बदलला, पण आधीच आत गेलेल्यांचं काय?

कृष्णाकाठ (धागाकर्ती)

अमेरिकेत गंभीर गुन्ह्यात माणसाला दोषी ठरवायचं तर ज्यूरीतल्या बाराच्या बारा जणांचं एकमत लागतं, असं इथे वर्षानुवर्षं राहणारेही धरून चालतात. 50 पैकी 48 राज्यांत ते खरं होतं. उरलेली दोन म्हणजे लुईझियाना आणि मी राहते ते ओरेगन. या दोन ठिकाणी दहा जण 'दोषी' म्हणाले की काम झालं. उरलेल्या दोघांना काय खटकलं हे विचारायची कुणाला गरज नव्हती. लुईझियानात तर 1970च्या दशकात नवी राज्यघटना येईपर्यंत नऊ विरुद्ध तीनसुद्धा चालत होतं.

20 एप्रिल 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'रामोस विरुद्ध लुईझियाना' खटल्यात ही पद्धत घटनाबाह्य ठरवली. सगळं जग तेव्हा कोविडच्या आकड्यांत अडकलेलं, त्यामुळे बातमी आली तशी गेली. रामोसला 2016 मध्ये खुनाच्या आरोपाखाली दहा-दोनने दोषी ठरवून पॅरोलशिवाय जन्मठेप दिली होती. या निकालामुळे त्याचा खटला पुन्हा चालला आणि 2023 मध्ये नव्या ज्यूरीने त्याला निर्दोष सोडलं.

पण धागा रामोससाठी काढलेला नाही. त्याच्याआधी याच पद्धतीने आत गेलेल्या आणि 2020 पर्यंत अपिलं संपून गेलेल्यांसाठी काढलाय. त्यांची बाजू लढवणारी न्यू ऑर्लिन्सची 'प्रॉमिस ऑफ जस्टिस इनिशिएटिव्ह' ही संस्था सांगते की लुईझियानाच्या तुरुंगांत असे सुमारे 1,500 जण होते, आणि त्यातले जवळपास 80 टक्के कृष्णवर्णीय. मे 2021 मध्ये 'एडवर्ड्स विरुद्ध व्हॅनॉय' खटल्यात त्याच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की रामोसचा नियम मागच्यांना लागू होणार नाही. हा एडवर्ड्स बॅटन रूजचा. त्याच्या ज्यूरीत एकच कृष्णवर्णीय व्यक्ती होती आणि तिने प्रत्येक आरोपावर 'दोषी नाही' असं मत दिलं होतं. काही आरोपांवर अकरा-एक, काहींवर दहा-दोन. शिक्षा जन्मठेप.

आता हा नियम आला कुठून ते बघा. 1898 मध्ये न्यू ऑर्लिन्सला लुईझियानाची घटना परिषद भरली. यादवी युद्धानंतर कृष्णवर्णीयांना मताचा आणि ज्यूरीत बसण्याचा हक्क मिळाला होता आणि तो काढून घेणं हा परिषदेचा उघड हेतू होता. न्यायविषयक समितीचे अध्यक्ष टॉमस सेम्स यांनी समारोपाला तसं बोलूनही दाखवलं: कायद्याच्या चौकटीत राहून गोऱ्या वंशाचं वर्चस्व जितकं प्रस्थापित करता येईल तितकं करायला आपण जमलो होतो. मतदानासाठी साक्षरतेची अट, मालमत्तेची अट, मतदान कर, आणि ज्यांचे बापजादे 1867 पूर्वी मतदार होते त्यांना त्यातून सूट, हे सगळं त्याच परिषदेचं. राज्यात 1896 मध्ये सुमारे 1,30,000 कृष्णवर्णीय मतदार होते. 1900 पर्यंत ते 5,000च्या आसपास उरले.

ज्यूरीतून मात्र कृष्णवर्णीयांना थेट हाकलता येत नव्हतं, कारण सर्वोच्च न्यायालयाने 1880 मध्येच तसा कायदा रद्द केला होता आणि वॉशिंग्टनहून नजर होती. मग त्यांनी वेगळी शक्कल काढली. ज्यूरीत एखाददुसरा कृष्णवर्णीय येईल, फार तर तीन. येऊ देत. बसू देत. नऊ मतं पुरेशी ठेवली की तिघांच्या मताने काही अडत नाही. कायद्यात वंशाचा उल्लेख कुठेच नाही. वाचलात तर निव्वळ अंकगणित वाटेल.

ओरेगनने 1934 मध्ये जनमत घेऊन दहा-दोन आणलं. त्याच्या आदल्या वर्षी एका ज्यू हॉटेलमालकावर खुनाचा खटला चालला. अकरा जण खुनासाठी दोषी धरायला तयार होते, एक जण अडून बसला, शेवटी तडजोड म्हणून सदोष मनुष्यवधावर निकाल लागला. पोर्टलंडच्या वर्तमानपत्रांनी गहजब केला. दक्षिण आणि पूर्व युरोपातून आलेल्या, 'आपल्या परंपरेत न मुरलेल्या' लोकांना ज्यूरीत बसवल्याचं हे फळ, असा सूर होता. 1920च्या दशकात या राज्यात कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेचा किती जोर होता हे माहीत असेल तर तो सूर नवा वाटणार नाही.

प्रश्न साधा आहे. नियम वाईट हेतूने आणला हे सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रातच लिहिलंय. नियम घटनाबाह्य होता हेही मान्य. मग त्या नियमाने आत टाकलेल्यांना आतच ठेवायचं हे कोणत्या हिशोबात बसतं?

—

बेरकी बोका

गंमत बघा, एकमत हवं असं सांगणारा निकाल सहा-तीन. मागच्यांना लागू नाही असं सांगणाराही सहा-तीन. 😄

गंभीरपणे बोलायचं तर मला यात एवढं भयंकर काय आहे ते कळलं नाही. इंग्लंडमध्ये 1967 पासून दहा-दोन चालतं. ज्यूरीतल्या एखाद्याला पैसे चारून किंवा धमकावून खटला लटकवतात म्हणून तो कायदा केला. स्कॉटलंडमध्ये तर पंधरा जणांच्या ज्यूरीत आठ-सातवर माणूस आत जायचा. त्यांना कुणी वंशवादी म्हणत नाही. बारा डोकी आणि एक मत हा हट्टच मुळात अव्यवहार्य. आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीला रंग कोणता द्यायचा यावर एकमत होत नाही.

—

शारदा_ठाणे

बोकोबा, टाकीचा रंग चुकला तर पुढच्या वर्षी बदलता येतो.

हा विषय आपल्याला परका नाही, असं मला धागा वाचता वाचता वाटलं. लोकमान्यांवरचे दोन्ही राजद्रोहाचे खटले आठवा. 1897 मध्ये न्या. स्ट्रेची यांच्यासमोर नऊ जणांची ज्यूरी होती. सहा युरोपियन म्हणाले दोषी, तीन हिंदी म्हणाले निर्दोष. अठरा महिने सक्तमजुरी. 1908 मध्ये 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' या केसरीतल्या लेखांवरून खटला भरला. सरकारने विशेष ज्यूरी मागितली, टिळकांच्या बाजूने विरोध झाला, कारण त्या यादीत युरोपियनांचा भरणा असणार हे उघड होतं. न्या. दावर यांनी सरकारचं ऐकलं. सात युरोपियन आणि दोन पारशी बसले. 22 जुलैला रात्री निकाल आला: सात विरुद्ध दोन. सहा वर्षं काळं पाणी, पुढे मंडाले.

टिळक स्वतः एकवीस तासांवर बोलले होते आपल्या बचावात. त्या दोघा पारशांना ते पटलं असणार. पण कायद्याला नऊपैकी सहा आणि वर न्यायाधीशाची संमती एवढंच लागत होतं.

एकमताची अट असती तर दोन्ही वेळा टिळक त्या ज्यूरीकडून दोषी ठरले नसते. सरकारने दुसरी ज्यूरी बसवली असती, पुन्हा खटला चालवला असता, कदाचित शिक्षाही दिली असती. पण त्या रात्री नाही.

—

चिंचोका

+1 शारदाताई. मुंबई उच्च न्यायालयात टिळकांचं ते 'ज्यूरीने काहीही म्हटलं तरी मी निर्दोष आहे' हे वाक्य कोरलेला फलक आहे. 1956 मध्ये मुख्य न्यायमूर्ती छागलांनी त्याचं अनावरण केलं. ज्या कोर्टाने शिक्षा दिली त्याच कोर्टात.

आणि हेच दावर 1897 मध्ये टिळकांचे वकील होते, जामीन मिळवून दिला होता त्यांनी. माणसं कशी बदलतात बघा.

—

मुक्काम पोस्ट

पण मग नानावटी खटल्याचं काय? तिथे ज्यूरी आठ-एकने 'निर्दोष' म्हणाली होती आणि त्यावरूनच तर भारतातली ज्यूरी बंद झाली. म्हणजे ज्यूरी हा प्रकारच भावनेवर चालणारा. एकमत घ्या नाहीतर बहुमत घ्या, फरक काय पडतो?

—

ॲड. सह्याद्री

मुक्काम पोस्ट, नानावटीमुळे ज्यूरी बंद झाली हे अर्धवट आहे. सेटलवाडांच्या अध्यक्षतेखालच्या विधि आयोगाने 1958 मध्येच चौदाव्या अहवालात ज्यूरी बंद करायची शिफारस केली होती. नानावटी खटला 1959चा. काही ठिकाणी ज्यूरी त्यानंतरही चालू होती, 1973ची फौजदारी प्रक्रिया संहिता आली तेव्हा ती पूर्ण संपली.

त्या खटल्यातला कामाचा मुद्दा वेगळा आहे. आठ-एकचा निकाल सत्र न्यायाधीश मेहतांना पटला नाही, म्हणून त्यांनी जुन्या संहितेच्या कलम 307 खाली प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं आणि तिथे शिक्षा झाली. म्हणजे आपल्याकडे बहुमताचा निकाल न्यायाधीश तपासू शकत होता. लुईझियानात दहा मतं पडली की पडली.

आता धागाकर्तीच्या मूळ प्रश्नाकडे. कृष्णाकाठताई, 'कोणत्या हिशोबात' याचं उत्तर कायद्यात आहे. पटेल न पटेल, पण आहे.

अमेरिकेत घटनेचा नवा अर्थ लावला की दोन गट पडतात. ज्यांचं पहिलं अपील अजून चालू आहे त्यांना नवा नियम मिळतो, हे 1987च्या 'ग्रिफिथ' निकालापासून पक्कं आहे. ज्यांचं अपील संपून शिक्षा अंतिम झाली त्यांना 1989च्या 'टीग विरुद्ध लेन' निकालाप्रमाणे खटल्याच्या प्रक्रियेबद्दलचे नवे नियम मिळत नाहीत. त्याला एकच अपवाद ठेवला होता: न्यायाच्या पायालाच हात घालणारा, युगप्रवर्तक म्हणावा असा नियम असेल तर. उदाहरण म्हणून कायम 'गिडियन' दाखवायचे, म्हणजे गरीब आरोपीला सरकारी खर्चाने वकील देणारा 1963चा निकाल. मजा अशी की टीगनंतरच्या 32 वर्षांत एकही नियम त्या अपवादात बसला नाही. एडवर्ड्समध्ये न्या. कॅव्हनॉ यांनी शेवटी लिहूनच टाकलं की हा अपवाद आता उरलेला नाही.

यामागे तर्क नाही असं नाही. खटला कधीतरी संपला पाहिजे. वीस वर्षांनी साक्षीदार मेलेले असतात, तपास अधिकारी निवृत्त, मुद्देमाल हरवलेला. प्रत्येक नव्या निकालानंतर जुन्या सगळ्या फायली उघडायच्या तर न्यायालयं नवीन खटले कधी चालवणार? आमच्याकडे इथे अपिलं किती वर्षं पडून असतात ते मी रोज बघतो. 'अंतिमता' हा शब्द थंड वाटतो, पण पीडिताच्या घरच्यांना तोच हवा असतो.

—

कृष्णाकाठ

वकीलसाहेब, समजावून सांगितल्याबद्दल आभार. पण यातला मला सर्वांत टोचणारा भाग बघा. समजा दोघांनी एकाच वर्षी गुन्हा केला, दोघांनाही दहा-दोनने शिक्षा झाली. एकाचं अपील भराभर चाललं आणि 2019 मध्ये फेटाळलं गेलं. दुसऱ्याच्या कोर्टात दिरंगाई झाली आणि ते 2020च्या उन्हाळ्यापर्यंत लोंबकळत राहिलं. दुसऱ्याला नवा खटला, पहिल्याला आयुष्यभर तुरुंग. पुराव्यात फरक नाही, गुन्ह्यात नाही, फरक फक्त कारकुनाच्या टेबलावर फाइल किती दिवस पडली याचा.

न्या. कॅगन यांची भूमिका या बाबतीत वाचण्यासारखी आहे. रामोसमध्ये त्या विरोधात होत्या, 1972चा जुना निकाल मोडायला नको म्हणून. एडवर्ड्समध्ये मात्र त्यांनीच अल्पमताचं निकालपत्र लिहिलं. सांगायचा मुद्दा असा की एकदा तुम्ही रामोसमध्ये एकमत हा न्याय्य खटल्याचा प्राण आहे असं ठरवलंत, तर लगेच वर्षभराने तो तितका महत्त्वाचा नव्हता असं म्हणता येणार नाही.

—

बेरकी बोका

1972ला काय झालं होतं?

—

ॲड. सह्याद्री

'अपोडाका विरुद्ध ओरेगन' आणि 'जॉन्सन विरुद्ध लुईझियाना', दोन्ही एकाच दिवशीचे निकाल. चार न्यायमूर्ती म्हणाले एकमत गरजेचं नाही, चार म्हणाले आहे. नववे न्या. पॉवेल म्हणाले की घटनेत एकमत अभिप्रेत आहे, पण ते फक्त केंद्राच्या खटल्यांत, राज्यांवर ते बंधन नाही. हे मत त्यांच्या एकट्याचं. त्या एकट्याच्या मतावर ही पद्धत आणखी 48 वर्षं टिकली.

—

चिंचोका

म्हणजे बारातल्या दोघांच्या मताला किंमत नाही, आणि नवातल्या एकाच्या मतावर 48 वर्षं. 🙏

—

बायूकाठ

मी न्यू ऑर्लिन्समध्ये राहतो, कृष्णाकाठताईंच्या आयडीवरूनच माझा सुचला. इथलं थोडं सांगतो, कारण वरच्या चर्चेत एक गोष्ट सुटलीय.

देहदंड होऊ शकेल अशा खुनाच्या खटल्याला इथेही एकमत लागायचं. दुसऱ्या दर्जाच्या खुनाला दहा पुरत होते. आणि त्या दुसऱ्या दर्जाच्या खुनाला शिक्षा काय? सक्तीची जन्मठेप, पॅरोल नाही. म्हणजे सरकारी वकिलाने देहदंडाचा आग्रह सोडला की त्याचं काम सोपं, आणि माणूस तरीही मरेपर्यंत आत. पुरावा कच्चा असेल तेव्हा कोणता आरोप ठेवायचा हे ठरवताना डोक्यात काय चालत असेल ते तुम्हीच ठरवा.

यातले बरेच जण अँगोलाला आहेत. राज्याचा मोठा तुरुंग, 18,000 एकर, पूर्वीचा गुलामांचा मळा. नाव आफ्रिकेतल्या अंगोलावरूनच पडलंय. कैदी आजही तिथल्या शेतात राबतात.

2018 मध्ये इथल्या 'द ॲडव्होकेट' या दैनिकाने राज्यभरच्या कोर्टांतून जुने खटले धुंडाळून मालिका छापली. बारा जणांच्या ज्यूरीने दोषी ठरवलेल्या खटल्यांपैकी सुमारे 40 टक्के निकाल एकमताचे नव्हते असं त्यांना आढळलं. पुढच्या वर्षी त्या मालिकेला पुलित्झर मिळालं. मालिका आली त्याच वर्षी, नोव्हेंबर 2018 मध्ये, घटनादुरुस्तीवर मतदान झालं आणि सुमारे 64 टक्के लोकांनी एकमताच्या बाजूने कौल दिला. लुईझियाना हे रिपब्लिकन राज्य, तरी दोन्ही पक्षांतले लोक या बाजूला होते. ट्रम्पचे आणि ट्रम्पविरोधी फलक एकाच रस्त्यावर आणि दोघांच्या अंगणात त्या दुरुस्तीची पाटी, असं तेव्हा दिसायचं. फक्त त्या दुरुस्तीत अट होती: 1 जानेवारी 2019 पासूनच्या गुन्ह्यांनाच लागू. 31 डिसेंबरच्या रात्रीचा गुन्हा जुन्या नियमाने.

आणि अँगोलातूनच आलेला एक माणूस सांगितल्याशिवाय राहवत नाही. कॅल्व्हिन डंकन. न केलेल्या खुनासाठी 28 वर्षांहून जास्त आत होते. आत राहून कायदा शिकले, इतर कैद्यांचे अर्ज लिहून द्यायचे. बाहेर आल्यावरही याच प्रश्नावर एकामागून एक याचिका सर्वोच्च न्यायालयाकडे जात राहाव्यात म्हणून वकिलांच्या मागे लागून राहिले. त्या एकामागून एक फेटाळल्या जात होत्या. शेवटी रामोसची ऐकली गेली. पुढे साठीच्या वयात ते कायद्याचे पदवीधर झाले, तेही ओरेगनमधल्या लुईस अँड क्लार्क महाविद्यालयातून. 2025 मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या फौजदारी न्यायालयाचे क्लर्क म्हणून निवडून आले. ज्या कचेरीकडून कैद्यांना आपल्या खटल्याची कागदपत्रं मिळवायला नाकी नऊ येतात, तिच्याच प्रमुखपदी निवड.

—

कृष्णाकाठ

बायूकाठ, फार छान लिहिलंत. ते लुईस अँड क्लार्क माझ्यापासून जवळच आहे. तिथल्या प्राध्यापक अलिझा कॅप्लन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी रामोस प्रोजेक्ट चालवला आणि ओरेगनच्या कैद्यांचे अर्ज उभे केले.

इथली गोष्ट पूर्ण करते. सर्वोच्च न्यायालयाने 'आमच्या दाराशी येऊ नका' म्हटलं, पण राज्यांना स्वतःहून जास्त देता येतं, हे 2008च्या 'डॅनफोर्थ' निकालात ठरलेलं आहे. ओरेगनच्या सर्वोच्च न्यायालयाने 30 डिसेंबर 2022 रोजी 'वॉटकिन्स विरुद्ध ॲकली'मध्ये ते दिलं. कितीही जुनी असो, एकमत नसलेली शिक्षा टिकणार नाही. लुईझियानाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या दोनच महिने आधी 'रेडिक' खटल्यात नेमका उलटा निकाल दिला होता.

माझं राज्य फार सोवळं आहे असं मात्र नाही. रामोस खटल्यात ओरेगनच्या ॲटर्नी जनरलनेच सर्वोच्च न्यायालयाला लिहून दिलं होतं की जुना निकाल मोडला तर आमच्यावर फेरखटल्यांचा डोंगर कोसळेल, तेव्हा मोडू नका.

—

निशिगंधा

मला सगळ्यांचा सूर एकाच बाजूचा वाटतोय म्हणून लिहिते.

मी अत्याचारग्रस्त स्त्रियांबरोबर काम करते, महाराष्ट्रात. कोर्टात एकदा साक्ष देणं म्हणजे काय असतं ते मी शेजारी बसून पाहिलंय. ओरेगनमधल्या या शिक्षांत लैंगिक अत्याचाराचे खटले बरेच होते. त्या बायकांनी पंधरा-वीस वर्षांपूर्वी साक्ष दिली, उलटतपासणी सोसली, दहा अनोळखी लोकांनी त्यांच्यावर विश्वास ठेवला, माणूस आत गेला. आता एक फोन येतो: निकाल रद्द झालाय, पुन्हा साक्ष द्याल का? ती नाही म्हणाली तर खटला मागे घेतला जातो आणि तो बाहेर येतो. हो म्हणाली तर सगळं पहिल्यापासून. तिने कोणता नियम मोडला होता?

आणि अशा खटल्यांत ज्यूरीतले ते दोन जण कायम वंशभेद ओळखणारे सज्जनच असतात हे कुणी सांगितलं? बाईने इतक्या उशिरा तक्रार का केली, ती रात्री तिथे गेलीच का, एवढ्यावर अडून बसणारेही ते दोघे असू शकतात.

—

शारदा_ठाणे

निशिगंधा, तुझा मुद्दा खोडून काढता येत नाही आणि मला काढायचाही नाही. फक्त एक. तिच्यावर दुसऱ्यांदा ही वेळ आणली ती आरोपीने की राज्याने? 1934 मध्ये स्वस्तातला नियम केला, 1972 मध्ये तो वाचला म्हणून हुश्श केलं, आणि 2020 पर्यंत त्याच नियमाने खटले चालवत राहिले. बाकी 48 राज्यांतल्या पीडितांच्या नशिबी हा फोन नाही, कारण तिथे पहिल्याच वेळी बारा जणांना पटवावं लागलं.

—

निशिगंधा

बरोबर. पण किंमत राज्य मोजत नाही, ती मोजते. एवढंच म्हणणं आहे माझं. फेरखटला द्यायचा तर तिची जुनी साक्ष ग्राह्य धरण्याची सोय, समुपदेशन, तिला आधी कळवणं, हे आधी ठरवा आणि मग निकाल रद्द करा.

—

मुक्काम पोस्ट

याला +100.

—

बेरकी बोका

माझ्या इंग्लंडच्या मुद्द्याला कुणी हात लावला नाही.

—

कृष्णाकाठ

लावते. अँड्र्यू माल्किन्सन. मँचेस्टरजवळ झालेल्या बलात्काराबद्दल 2004 मध्ये दहा-दोनने दोषी. गुन्हा कबूल केला असता तर लवकर सुटला असता, तो मी केलाच नाही म्हणत राहिला आणि 17 वर्षं आत काढली. डीएनए दुसऱ्याच माणसाचा निघाला. जुलै 2023 मध्ये अपील न्यायालयाने निर्दोष ठरवलं. त्या दोघा ज्यूरींना 2004 मध्ये जे दिसलं होतं ते बाकी इंग्लंडला दिसायला एकोणीस वर्षं लागली. स्कॉटलंडनेही 2025 मध्ये कायदा करून साध्या बहुमताऐवजी दोन तृतीयांशाची अट घातली.

तुमचा पैसे चारण्याचा मुद्दा खरा आहे. पण त्यावर उपाय ज्यूरीला संरक्षण देणं हा आहे. ज्यांना कुणीच विकत घेतलेलं नाही अशा दोघांचं मत पुसून टाकणं हा कसा उपाय झाला?

आणि एकमताच्या अटीचा परिणाम फक्त शेवटच्या मोजणीत दिसत नाही. दहा पुरे असतील तर दहा झाल्या क्षणी चर्चा थांबते. बारा लागत असतील तर त्या दोघांना 'का?' विचारावंच लागतं. नकली ज्यूरी बसवून केलेल्या अभ्यासांतही हेच दिसलंय, एकमत लागतं तिथे लोक पुराव्यावर जास्त वेळ बोलतात.

—

बेरकी बोका

माल्किन्सन माहीत नव्हता. वाचतो.

—

ॲड. सह्याद्री

आपल्या घरातलंही बघूया ना. ज्यूरी गेली, पण बहुमत गेलं नाही. 2002 मध्ये दिल्लीतल्या 1993च्या बॉम्बस्फोटातला आरोपी देविंदरपालसिंग भुल्लर याच्या अपिलात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींपैकी पीठाचे प्रमुख न्या. एम. बी. शहा यांनी त्याला निर्दोष ठरवलं होतं. दोघांनी फाशी कायम केली. दोन-एकने फाशी! पुढे 2014 मध्ये दयेच्या अर्जाला झालेला विलंब आणि त्याची मानसिक अवस्था बघून ती जन्मठेपेत बदलली. तो निर्दोष होता की नव्हता यावर मी बोलत नाही. पण तिघांतल्या सर्वांत ज्येष्ठ न्यायाधीशाला गुन्हाच सिद्ध झालेला दिसत नाही आणि तरी दोर वळला जातो, हे आपण फारसं मनाला लावून घेतलं नाही. लुईझियानाकडे बोट दाखवताना हे ध्यानात असू द्यावं.

—

चिंचोका

वकीलसाहेब, तुम्ही नक्की कुठल्या बाजूने आहात? वर अंतिमतेची बाजू मांडत होतात.

—

ॲड. सह्याद्री

अंतिमता हवीच. पण ती निकोप खटल्याची. खटल्याचा नियमच एका समाजाचं मत मोजायचं नाही म्हणून घडवलेला असेल, तर तिथे अंतिम झालेलं काय आहे? 1898ची ती परिषदच ना. टीगचा नियम साध्या चुकांसाठी ठीक आहे, इथे तो लावायला नको होता असं माझं मत. वर मी न्यायालयाचा तर्क सांगितला, माझा नव्हे.

—

शारदा_ठाणे

बायूकाठ, लुईझियानातल्या लोकांना आता काही वाट आहे का? राज्याचं कोर्ट नाही म्हणालं, केंद्राचं नाही म्हणालं.

—

बायूकाठ

तीन वाटा होत्या शारदाताई.

पहिली, सरकारी वकील. न्यू ऑर्लिन्सचे जिल्हा वकील जेसन विल्यम्स 2021 मध्ये पदावर आल्यावर त्यांनी स्वतःहून अशी जुनी प्रकरणं काढायला सुरुवात केली. काहींना नवा खटला, काहींशी तडजोड करून कमी शिक्षा. बरेच जण त्यातून घरी आले. हे फक्त आमच्या पॅरिशमध्ये हं, म्हणजे इथल्या जिल्ह्यात. नदी ओलांडून शेजारच्या पॅरिशमध्ये गुन्हा घडला असेल तर तिथला सरकारी वकील ढिम्म. मग 2023 मध्ये 'ली' खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारी वकिलाला शिक्षेनंतर अशा तडजोडी करू देणारा कायदाच रद्द केला. म्हणे शिक्षा कमी करणं हा राज्यपालांच्या माफीच्या अधिकारात हस्तक्षेप होतो. ही वाट तिथेच अरुंद झाली.

दुसरी, विधिमंडळ. रेडिकच्या निकालानंतर सगळे म्हणाले आता कायदा करा. विधेयकं आली, समितीत अडकली.

तिसरी, माफी मंडळ आणि राज्यपाल. एकेका माणसाचा अर्ज, एकेकाची सुनावणी.

आणि या सगळ्याच्या आधीची अडचण कुणाच्या लक्षात येत नाही. आपल्या खटल्यात मतं किती-किती पडली हे सिद्ध कसं करायचं? निकालानंतर प्रत्येक ज्यूरीला विचारून नोंद करायची असते, पण वकिलाने तशी मागणी केली नाही तर ती नोंदच होत नाही. काही ठिकाणी चिठ्ठ्या घेतल्या आणि पाकिटात सीलबंद केल्या. तेव्हा दहा-दोन कायदेशीर होतं, मग ते आकडे जपून कोण ठेवणार? काहींना आपला निकाल एकमताचा नव्हता हे पक्कं माहीत आहे, दाखवायला कागद नाही.

—

मुक्काम पोस्ट

सीलबंद पाकिटं अजून असतील का कोर्टात?

—

बायूकाठ

ज्या पॅरिशमध्ये पुराचं पाणी तळघरापर्यंत आलं नाही तिथे असतील. कत्रिना चक्रीवादळात इथल्या फौजदारी न्यायालयाच्या तळघरात पाणी भरलं होतं, पुराव्याची खोली तिथेच होती. ज्यांचे खटले 2005 पूर्वीचे त्यांच्या वकिलांना विचारा, त्यांचं निम्मं काम कागद शोधण्यातच जातं.

—

निशिगंधा

आणि पीडितेचा जबाबही त्याच तळघरात असेल ना?

—

बायूकाठ

काहींचा असणार.